पंच्याऐंशी टक्क्यांच्या बाहेरची पोरं

"आदिवासी अडाणी, सुईला भितो, भगताकडे जातो, म्हणून त्याची पोरं मरतात." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. साहेब सभेत बोलतो, पेपरात छापून येते, आश्रमशाळेतला मास्तरही बोलतो. १९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली, साऱ्या महाराष्ट्रात बोंब झाली, तेव्हाही हेच बोलले गेले. पुढच्या साली मेळघाटातल्या पोरांची बातमी आली, तेव्हाही हेच. भुकेचे नाव घ्यायचे नाही. दवाखाना पाड्यापर्यंत आला का, हे विचारायचे नाही. दोष आपल्या देवांवर टाकायचा आणि जीप मागे वळवायची.

प्लॉटच्या केसेसची माहिती या अंकात दुसरीकडे आहे, ती वाचाच. इथे आम्ही सुईबद्दल लिहितो. काही साथी म्हणतील, हा संघटनेचा विषय आहे का? आहे. कसा ते पुढे येईल.

आधी त्या वाक्याचा निकाल लावू. आदिवासी सुईला भितो म्हणतात. मग आपल्या म्हाताऱ्यांचे दंड बघा. देवी टोचल्याचे गोल वण आहेत. तेव्हा रस्ते आजच्या निम्मेही नव्हते. तरी देवी डॉक्टर डोंगर चढून आला, झोपडी झोपडी फिरला, शेतावर गेलेल्याला शेतावर गाठले. शेवटी शेवटी तर देवीचा रोगी दाखवेल त्याला हजार रुपये बक्षीस लावले होते. १९७५ साली देशातला शेवटचा देवीचा रोगी झाला, पुढे देवी गेली. तेव्हा आपल्याच आज्यांनी दंड पुढे केला. अडाणी असत्या तर देवी गेली असती का? सरकारला जेव्हा खरेच पोचायचे होते तेव्हा ते शेवटच्या झोपडीपर्यंत पोचले, ही गोष्ट आपल्या अंगावर कोरलेली आहे.

मग भीती आली कुठून? तीही सांगतो. १९७६ साली नसबंदीची धाड आली. जीप दिसली की बाप्ये जंगलात पळायचे, हे आमच्या घरांतून अजून सांगतात. तेव्हापासून सफेद जीप आणि सुई यांचा एकच अर्थ झाला. पुढे सक्ती गेली, पण टारगेट राहिले. नर्सबाईला साल संपायच्या आत इतक्या केसेस आणायच्याच, नाही आणल्या तर पगार अडवू, बदली करू. ती पाड्यात आली की बाळाच्या आधी बाळाच्या आईकडे बघायची, "कितवं? ऑपरेशन कधी करतेस?" ज्या बाईच्या तोंडून दर वेळी हेच येते तिच्या हातात बाळाचा दंड कोण देईल? एप्रिल १९९६ पासून सरकारने टारगेट काढले असे सांगतात. चांगले आहे. वीस वर्षे लागली. पण काढले हे आमच्या पाड्यांत येऊन कोणी सांगितलेले नाही, आम्हाला पेपरातून कळले.

आता टक्केवारी. साथींनो, ही टक्केवारी नीट समजून घ्या, कारण सगळी चलाखी इथे आहे.

१९८५ साली सरकारने सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम काढला. सहा रोगांवर लस: क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर. १९९० पर्यंत शंभरातल्या ८५ बाळांना सगळ्या लसी द्यायच्या असे ठरले. ऐकायला वाईट नाही. आता हिशोब करू. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली वीस हजार माणसे धरतात. हजार माणसांत वर्षाला तीस बाळं जन्मतात असे धरा, म्हणजे सहाशे बाळं. त्यांतली ८५ टक्के म्हणजे ५१०. राहिली नव्वद. आता आपला एक पाडा घ्या, दोनशे माणसांचा. तिथे वर्षाला जन्मतात सहा. नव्वद भागिले सहा, पंधरा. म्हणजे पंधरा पाड्यांत नर्सबाईने साल भर पाऊल टाकले नाही, एकाही बाळाला सुई दिली नाही, तरी त्या केंद्राचे टारगेट पुरे! वर शाबासकी. साहेब खोटे बोलला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याचे ८५ टक्के खरे आहेत. फक्त उरलेले पंधरा टक्के शंभर घरांत सारखे वाटलेले नाहीत, ते एका बाजूला ढीग करून ठेवले आहेत. डांबरी रस्त्याच्या गावात शंभर टक्के आणि ओहळाच्या पलीकडे शून्य. बेरीज केली की दोन्ही मिळून छान दिसते.

ते पंधरा पाडे कोणते, हे विचारायला नको. आपण त्यांतच राहतो.

आणि सगळीकडे ८५ तरी झाले का? १९९२-९३ साली केंद्र सरकारनेच घरोघर जाऊन कुटुंब आरोग्याची पाहणी केली. वर्षाच्या पुढची, दोन वर्षांच्या आतली पोरं बघितली. सगळ्या लसी पुऱ्या झालेली पोरं देशात शंभरातली ३५. महाराष्ट्रात ६४. या ६४ मध्ये मुंबई आहे, पुणे आहे, साखरेचा पट्टा आहे. आपल्या डोंगरातली पोरं वेगळी काढून मोजायचा कोणी विचारही केला नाही. पण जिल्ह्याच्या आणि केंद्राच्या तक्त्यांवर त्याच वर्षांत नव्वदीच्या पुढचे आकडे रंगवलेले होते. रजिस्टर ऑफिसात भरले जाते, पाहणी घरात होते, म्हणून हा फरक.

गोवर काय करतो ते शहरातल्या माणसाला माहीत नाही. तिथे गोवर म्हणजे आठ दिवस ताप आणि कडुनिंबाचा पाला. आमच्याकडे गोवर म्हणजे काय, ते यंदा शिमग्याच्या आधी एका पाड्याने बघितले. नाव लिहीत नाही, तिथल्या आयांना पुन्हा कोणी प्रश्न विचारायला जाऊ नये म्हणून. एक कुटुंब भिवंडीकडच्या भट्टीवरून परत आले. त्यांच्या पोराला ताप होता. अंगावर लाल दाणे उठायच्या चार दिवस आधीपासून गोवर दुसऱ्याला लागत असतो, म्हणजे कळायच्या आत तो झोळी-झोळीत फिरून आलेला असतो. पंधरा दिवसांत पाड्यातली पाच वर्षांच्या आतली एकूण एक पोरं पडली. दाणे गेले, आणि मग खरे दुखणे आले. कोणाला न्यूमोनिया, कोणाला जुलाब. आधीच हाडाची काडी झालेली पोरं. चार गेली. एका पोरीचे डोळे आता नीट दिसत नाहीत.

एकूण एक का पडली? हे समजून घ्या, कारण लहान पाड्याचे दुखणे मोठ्या गावापेक्षा वेगळे असते. मोठ्या शहरात गोवर बारा महिने कुठे ना कुठे चालू असतो. आपल्या दोनशे माणसांत तो राहू शकत नाही, त्याला रोज नवे पोर लागते. म्हणून तो तीन-चार वर्षे येतच नाही, आणि आया समजतात आपल्याकडे गोवर नाही. तोवर दर साली सहा पोरं जमत जातात. सहा, बारा, अठरा. मग एक दिवस बाजारातून नाहीतर भट्टीवरून तो येतो आणि चार वर्षांची उधारी एकदम वसूल करतो, सावकारासारखी.

भगताकडे गेले का? गेले. भगत पाड्यात राहतो, रात्री हाक मारली तर उठतो, कोंबडीवर भागवतो. केंद्र अकरा किलोमीटरवर, आणि तालुक्याचा खाजगी डॉक्टर सलाईन लावून नागलीचे पोतेच मागतो. भगताने गोवर बरा होत नाही हे आम्ही आमच्या माणसांना सांगतोच, पाड्यात बसून, तोंडावर सांगतो. पण ज्याने कधी डॉक्टर पाठवला नाही त्याने भगताच्या नावाने बोटे मोडू नयेत.

चौथे पोर गेल्यावर जीप आली. सगळ्यांना टोचले, फोटो काढले, गोळ्या वाटल्या. कागदावर मरणाचे कारण काय लिहिले? दोघांचे न्यूमोनिया, एकाचे जुलाब. चौथ्याचे लिहिलेच नाही, कारण त्याचा जन्मही लिहिलेला नव्हता. जे जन्मलेच नाही ते मरणार कसे? म्हणजे गोवराने तिथे कोणीच मेले नाही. तक्ता तसाच राहिला.

आता ती लस पाड्यात का येत नाही, याची कारणे सांगतो. नर्सबाई आळशी आहे म्हणून, असे आम्ही म्हणत नाही. काही आहेत तशा. पण तीन हजार माणसांवर एक बाई, ती तीन हजार माणसे दहा-पंधरा पाड्यांत विखुरलेली, उपकेंद्राच्या खोलीला धड कडी नाही, प्रवासभत्ता सहा सहा महिने थकलेला. शिक्षा म्हणून बदली झालेली माणसे आपल्याकडे पाठवतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आपले गाव कोणाची तरी शिक्षा आहे! तिच्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते हा सगळा कार्यक्रम ज्यांनी मोठी गावे डोळ्यापुढे ठेवून बेतला त्यांच्याशी.

बाटलीचेच बघा. १९९६ साली त्रिगुणीच्या एका बाटलीत दहा डोस असायचे, गोवराच्या बाटलीत पाच. गोवराच्या पावडरीत पाणी घातले की चार तासांत ती संपवायची, नाहीतर फेकायची. आमच्या पाड्यात एका महिन्याला गोवराच्या सुईला येणारे बाळ असते एक, फार तर. कधी कधी तेही नाही. नर्सबाई बाटली फोडत नाही. "पाच पोरं जमवा, मग येते." पाच पोरं नऊ महिन्यांची एकाच वेळी आम्ही कुठून जमवणार? बाटलीसाठी बायकांनी एकाच दिवशी बाळंत व्हायचे का? बाटली फोडली आणि चार डोस वाया गेले तर वर जाब द्यावा लागतो. पोर वाया गेले तर जाब कोणालाच नाही. आम्ही म्हणतो, एका पोरासाठीही बाटली फोडा. फेकलेल्या चार डोसांचा खर्च त्या चार पोरांच्या मरणानंतर आलेल्या जीपच्या डिझेलपेक्षा जास्त नाही.

बर्फाचेही तसेच. लस थंड राहिली पाहिजे, दोन ते आठ डिग्रीत. पोलिओची आणि गोवराची गरम झाली की मेली, त्रिगुणी गोठली की मेली. केंद्रातली लाइट दिवस दिवस जाते. मग बर्फाचा डबा घेऊन पायी निघालेली बाई उन्हात तीन तास चालून जे टोचते ते औषध आहे की पाणी, हे तिला तरी माहीत आहे का? वैतरणेचे पाणी आपल्या डोंगरांतून थेट मुंबईच्या नळापर्यंत पोचते, त्याला कुठे गळती लागली तर रातोरात माणसे धावतात. बर्फाचा डबा अकरा किलोमीटर येऊ शकत नाही.

आणि आता कॅलेंडर. हे ज्याने बनवले त्याने आपले साल कधी बघितलेले नाही. १९९६ साली त्रिगुणी आणि पोलिओ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी असायचे. गोवर नऊ महिन्यांनी. एक बाळ धरा, भादव्यात म्हणजे सप्टेंबरात जन्मलेले. पहिला डोस दिवाळीच्या आसपास, मिळाला तर मिळाला. दिवाळी झाली की आईबाप भट्टीवर, वसईला, भिवंडीला, पनवेलला. कोणी रेतीवर, कोणी गवतावर. दुसरा आणि तिसरा डोस भट्टीवर पडतो. तिथली बाई म्हणते, "तुम्ही आमच्या हद्दीतले नाही, तुमच्या गावाला घ्या." शेठ म्हणतो, "सुट्टी घेतलीस तर उचल वाढेल." परत येतात पावसाच्या तोंडाला. नऊ महिने भरतात जूनमध्ये, तेव्हा नदी भरलेली, पाडा चार महिने तुटलेला. म्हणजे हे बाळ रोज आईच्या कडेवर आहे, कोणी लपवलेले नाही, तरी सरकारच्या एकाही तारखेला ते सापडत नाही. मग लिहितात, "पालकांचा प्रतिसाद नाही."

पहिल्या सुईनंतरचेही सांगायला हवे. त्रिगुणीने ताप येतो, मांडी सुजते. हे साधे आहे, एक-दोन दिवसांत उतरते. पण हे कोणी आधी सांगत नाही, तापाची अर्धी गोळी हातावर ठेवत नाही. पोर रात्रभर रडते, आईची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. सुया नीट उकळलेल्या नसल्या तर गळू व्हायचे, तेही आम्ही बघितले आहे. मग ती आई दुसऱ्यांदा येत नाही. हा अडाणीपणा नाही, तिने केलेला हिशोब आहे. चुकीचा हिशोब आहे, हेही आम्ही म्हणतो, कारण डांग्या खोकल्याने निळे पडलेले पोर आम्ही बघितले आहे. पण तिला बरोबर हिशोब कोणी मांडून दाखवला?

९ डिसेंबर १९९५ ला आणि २० जानेवारी १९९६ ला पल्स पोलिओ झाला. बघितले ना? जीप, भोंगे, बॅनर, मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, सगळे बूथवर. ज्या पाड्यात दोन वर्षे सुई आली नव्हती तिथे त्या दिवशी डोस आला. पुन्हा येणार. आम्ही पोलिओच्या डोसाच्या विरुद्ध नाही. पोरांना पाजा, एकही पोर सोडू नका. पण त्या दिवशी बूथवरच्या साहेबाला एक प्रश्न विचारा: आज आलात, म्हणजे रस्ता आहे, बर्फ आहे, माणसे आहेत. मग गोवराची बाटली का नाही आणली? पोलिओ शहरातल्या पोरालाही पकडतो, आणि साऱ्या जगातून घालवायचा आहे, म्हणून आपल्या पाड्यातले एक पोर सुटलेले चालत नाही. गोवराने, डांग्या खोकल्याने आपलीच मरतात, म्हणून आपली सुटलेली चालतात.

आता आपल्यातल्या काही साथींशी थोडे भांडण. एका बैठकीत एक जुना साथी म्हणाला, "सुई काय करायचीय? पोटात अन्न असेल तर गोवर मारत नाय. जमीन घ्या, पोर आपोआप जगेल." अर्धे बरोबर आहे. पोट भरलेल्या पोराला गोवर सहसा मारत नाही, खपाटीला गेलेल्या पोराला मारतो. म्हणून रोजगार हमीचे काम, रेशन, खावटी, हे सगळे मागायचेच. पण प्लॉटची केस आपण किती साली लावली? तारखा पडताहेत. तेवढा वेळ गोवर थांबतो का? केस जिंकू त्या दिवशी सातबाऱ्यावर वारस म्हणून कोणाचे नाव लावणार?

उलट, सुई आणि सातबारा एकाच धाग्यात आहेत. आपले कितीतरी पाडे फॉरेस्टच्या जमिनीवर म्हणून कागदावर नाहीतच. पाड्याला नाव नाही, घराला नंबर नाही. नंबर नाही म्हणून ग्रामसेवक जन्म लिहीत नाही. आदिवासी भागात १९९६ साली सातशे माणसांमागे एक अंगणवाडी होती, दोनशेच्या पाड्याला नव्हती, म्हणून बाळाचे वजन लिहायला कोणी नव्हते. सगळे म्हणतात तुम्ही अतिक्रमणदार. ज्याची जमीन मोजली नाही त्याची पोरंही मोजली नाहीत. शंभरातली ८५ म्हणतात, पण ते शंभर मोजले कोणी? आपली पोरं त्या शंभरातच नाहीत. म्हणजे वर सांगितलेले नव्वदसुद्धा कमीच धरलेत.

याचे उलटेही खरे आहे. फॉरेस्टवाला आपल्याला विचारायचा, १९७८ च्या आधीपासून इथे होतास याचा कागद दाखव. सुप्रीम कोर्टात प्रकरण गेले, तिथे कागदाशिवायचे इतर पुरावेही तपासा असे ठरले. मग आमचे म्हणणे आहे, देवी टोचली ती रजिस्टरे काढा. पाड्याचे नाव, बापाचे नाव, साल, सगळे तेव्हा कोणीतरी लिहून नेले होते. सरकारच्याच हाताने लिहिलेले आहे. टोचायला आलात तेव्हा आम्ही इथेच होतो, हे तुमचेच रजिस्टर सांगेल. आणि आज बाळाचे लसीचे कार्ड मिळाले तर तेही जपून ठेवा, रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवा. त्यावर पाड्याचे नाव लिहून घ्या. नुसते ग्रामपंचायतीचे नाव लिहिले तर परत द्या, पाड्याचे लिहा म्हणा. उंदीर खाणार नाही, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

तालुका कमिटीने ठरवले आहे की नवरात्रात प्रत्येक पाड्याने आपली यादी आपणच करायची. पाच वर्षांच्या आतले प्रत्येक पोर, नाव, आईचे नाव, जन्माचा महिना (तारीख माहीत नसेल तर सण सांगा, भादवा, शिमगा, आखाजी, आम्ही जुळवून घेऊ), कोणती सुई मिळाली, कोणती नाही. कार्ड असेल तर बघून लिहायचे, नसेल तर आईला विचारायचे. सुईणीला बरोबर घ्या, तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. गेल्या पाच वर्षांत मेलेली पोरंही लिहा, काय झाले होते तेही. शाळेतली पोरं लिहायला मदत करतील. भट्टीवर कोण कुठे जाणार हेही खाली लिहा, शेठचे नाव आणि ठिकाण, म्हणजे तिथल्या केंद्राकडे आपण इथूनच पत्र देऊ शकतो.

त्या याद्या घेऊन आम्ही आरोग्य केंद्रावर जाणार आहोत. तिथे मागणी एकच, दिवाळीच्या आधी, माणसे भट्टीवर निघायच्या आत, यादीतल्या प्रत्येक पाड्यात बर्फाचा डबा आला पाहिजे, आणि एकच पोर असले तरी बाटली फोडली पाहिजे. जिथे खरेच पोचता येत नसेल तिथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बाजारात टोचा, आया बाजाराला येतातच. त्यांचे टक्के केंद्राचे असतील, आपले पाड्या-पाड्याचे वेगळे असतील. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

याद्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तालुका ऑफिसात पोचत्या करा. ज्या पाड्यात लिहिणारे कोणी नाही त्यांनी मंगळवारच्या बाजारात संघटनेच्या झेंड्यापाशी निरोप द्यावा, आमच्यातला कोणीतरी वही घेऊन येईल.